म्हैसासूर मरेना

मला लिहिता येत नाय. सही येते, ती पण मूड असंल तर सरळ, नायतर उतरंडीसारखी. म्हणून मी बोलतोय आणि माझी सून लिहितेय. ती मधेमधे म्हणते, "बाबा, हे कशाला सांगता, लोक हसतील." मी म्हटलं, गो बाई, दिवाळीचा अंक हाय, लोकांनी रडायचं हाय का?

मी सापगावचा गणू. शहापूर-मुरबाड रोडला एक छोटं कलासंग्रहालय होतं, तिथं शिपाई होतो. एका चित्रकारानं मरायच्या आधी आपला बंगला ट्रस्टला दिला, त्यात आमच्या भागातले लाकडाचे देव, पितळेच्या समया, भिंतीवरची चित्रं, मुखवटे असं जमवून ठेवलेलं. मला नोकरी कशी लागली? बंगल्याची विहीर उपसायला गेलतो, ती उपसून झाली तरी मी रोज जात राहिलो. शेवटी त्यांनी पगार चालू केला.

तिथल्या मोठ्या म्हणजे वैशाली मॅडम. कल्याणवरनं यायच्या, आसनगावला उतरून रिक्षानं. त्यांच्या हुद्द्याला क्युरेटर म्हणतात. गावात मला विचारायचे, क्युरेटर म्हणजे काय रे? मी सांगायचो, जी दिवसभर वस्तूंची काळजी करते आणि कुणाला हात लावू देत नाय ती. आमच्या आईसारखी, फक्त आईची एकच बरणी होती, हिचे चार हॉल.

आमचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. वस्तू पुसायची, ठेवायची, झालं. तसं नाय. वस्तू उचलायची ती दोन हातांनी, खालनं, पोटाशी धरून, तान्हं पोर धरतात तशी. कानाला, शिंगाला, मुठीला धरून कधीच नाय, कारण जुनी वस्तू तिथंच तुटते. हातात पांढरे हातमोजे, कारण घामानं रंग जातो. ते घातले की मी लग्नातला बँडवाला दिसायचो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, वस्तू जमिनीला टेकवायची नाय. खाली कायतरी मऊ पायजे, गादी, पेटी, कायपण. मॅडमनी हे माझ्या डोक्यात एवढं भरलं की घरी मी पाण्याचा हंडा पण गोधडीवर ठेवायला लागलो. बायको म्हणाली, ह्याला अंगाई पण म्हण.

पण हे सगळं शिकायच्या आधी मी एक पराक्रम केलता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पाहुणे येणार होते. एक समई एकदम काळी पडलेली दिसली. मला वाईट वाटलं. घरनं चिंच आणली आणि ती समई अशी घासली, अशी घासली की तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं. मॅडम आल्या. समई बघितली. खुर्चीवर बसल्या. खुर्ची तिथं नव्हती. जमिनीवर बसल्या म्हणजे. मग मला कळलं की ती काळोखी हीच तिची किंमत होती, पिढ्यानपिढ्यांच्या तेलाची आणि हातांची. मी एका सकाळी तिचं सगळं वय उतरवून टाकलं. मॅडम रागावल्या नायत, एवढंच म्हणाल्या, "गणू, आता हिला परत म्हातारं व्हायला वेळ लागेल." नंतर कित्येक वर्षं मी त्या समईकडं रोज बघायचो, म्हातारी झाली का. मीच झालो.

तर आता म्हैसासुराची गोष्ट.

आमच्याकडं बोहाडा असतो. बोहाडा म्हणजे देवांची सोंगं. उन्हाळ्याच्या तोंडाला गावात रात्रभर मुखवटे घालून नाचतात, संबळ वाजते, एकेक सोंग येतं आणि जातं. शेवटी सकाळी उजाडल्यावर देवी येते आणि म्हैसासुराला मारते. तो पडला की बोहाडा संपला. मग बायका नैवेद्य उघडतात आणि गाव जेवतं. प्रत्येक मुखवटा एकेका घराचा. त्या घरानंच तो नाचवायचा, त्याला मान म्हणतात.

टोकावड्याच्या पुढं, घाटाकडं आत एक गाव हाय. तिथल्या म्हैसासुराचा मान सोमाबाबांच्या घरी. मुखवटा एकाच लाकडात कोरलेला, खऱ्या रेड्याची शिंगं, लाल जीभ बाहेर, डोळे असे की आमच्या हॉलमधी लहान पोरं त्याच्याकडं पाठ करून उभी राहायची. तो आमच्याकडं कसा आला? सोमाबाबांचं घर गळायला लागलं, लाकडाला वाळवी लागायची भीती, म्हणून त्यांनी आमच्या चित्रकाराकडं सांभाळायला दिला. चित्रकार गेले. आमच्या दप्तरी तो भेट म्हणून चढला. कुणाचं वाईट मन नव्हतं, पण सोमाबाबांना वाटत होतं मुखवटा पाहुणा गेलाय आणि आमाला वाटत होतं तो नांदायला आलाय.

एका साली सोमाबाबा आले. त्याच दिवशी आमच्याकडं मोठी बैठक होती. मॅडमसारखे दुसऱ्या संग्रहालयांतले क्युरेटर वर्षातनं एकदा जमायचे, आळीपाळीनं एकेकाकडं. आपापल्या अडचणी एकमेकांना सांगायच्या. कुणाच्या चित्रांना बुरशी आली, कुणाकडं पैसा नाय, कुणाकडं लोकच येत नायत. चहा मी द्यायचो, म्हणून सगळं ऐकायचो. मला तर ते सासुरवाशिणींच्या गप्पांसारखं वाटायचं. त्या साली पुण्याचे एक सर होते, दाढीवाले, आणि मुंबईच्या मोठ्या संग्रहालयातल्या एक बाई, त्यांना सगळे दबून असायचे. लाइट गेलती म्हणून बैठक अंगणात फणसाखाली.

सोमाबाबा फाटकातनं आले, धोतर, खांद्यावर टॉवेल. मॅडमना रामराम केला आणि खालीच बसले.

"बाई, माझा म्हैसासूर द्या. बोहाडा आलाय."

मॅडम म्हणाल्या, "बाबा, तुम्ही नवा मुखवटा केलाय ना? कागदाचा?"

"केला. दोन सालं नाचवला. पण पंच बोलतात, मान माणसाचा नाय, मुखवट्याचा. जुना म्हैसासूर तिसऱ्या साली पण आला नाय तर मान दुसऱ्या घरी जाणार." मग म्हणाले, "माझा बाप त्याच्यात नाचला, त्याचा बाप नाचला. माझ्या हातनं जाऊ नये, एवढंच."

झालं. चहा थंड झाला आणि बैठक गरम झाली. पुण्याचे सर म्हणाले, ही वस्तू त्यांची आहे, कपाटात ठेवून आपण तिला मारतोय. मुंबईच्या बाई म्हणाल्या, आणि रिंगणात धाडून जगवाल का? शिंग तुटलं तर पुढच्या शंभर पिढ्यांना काय दाखवाल? हुबेहूब नकल करून द्या. सोमाबाबा म्हणाले, "नकल घरी हाय माझ्या." तिथं सगळे हसले, बाईपण हसल्या. मी पण हसलो आणि किटली फणसाच्या मुळावर सांडली.

शेवटी मॅडमनी ठरवलं. मुखवटा जाईल, एका बोहाड्यापुरता. पण ट्रस्टच्या अटीवर. आमच्या धंद्यात वस्तू बाहेरगावी पाठवली की तिच्यासोबत एक माणूस जातो, सोबती म्हणा. त्यानं वस्तू नजरेआड करायची नाय. आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी वस्तूला हात लावायचा नाय.

"सोबती कोण जाणार?" मुंबईच्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी किटलीकडं बघितलं.

मुरबाडच्या स्टँडवरनं मी एसटीत बसलो, पेटी मांडीवर. कंडक्टर आला.

"काय हाय आत?"

"म्हैसासूर."

"फुल तिकीट पडंल."

"अहो, लाकडाचा हाय."

"मग हाफ. पण मांडीवरच धर, सीटवर ठेवलास तर फुल."

टोकावड्याला उतरलो. सोमाबाबांचा एकुलता पोरगा किसन बैलगाडी घेऊन आलता. वाटेत तो गप्पच. मला वाटलं लाजरा माणूस. घरी पोचलो, पेटी उघडली, घरातल्या बायांनी म्हैसासुराला ओवाळलं, एक म्हातारी तर रडली. मग किसन पुढं झाला मुखवटा घ्यायला आणि मी आडवा आलो.

"हात नाय लावायचा."

"माझा हाय तो."

"तुझाच हाय, पण हात माझाच लागणार. अट हाय."

"मग नाचणार कोण?"

खरं सांगतो, तोपर्यंत ही गोष्ट माझ्या डोक्यातच आलेली नव्हती. मॅडमच्या पण आली नसणार. मुंबईच्या बाईंच्या आली असंल, पण त्या बोलल्या नायत. फोन करावा तर टोकावड्यापर्यंत चालत जायचं, आणि मुखवटा नजरेआड करायचा नाय.

पंच आले. म्हणाले, मान घरच्याचाच. बाहेरच्यानं नाचवला तर नाचवला असं धरणार नाय. सोमाबाबा उठून माझ्याकडं आले. मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी कुंकू घेतलं, माझ्या कपाळाला लावलं आणि पंचांना म्हणाले, "हा आजपास्नं माझा भाचा. घरचा झाला का नाय?"

पंच म्हणाले, "झाला. पण उपास हाय का त्याचा? सोंग घेणारा दिवसभर उपाशी असतो."

मी मुरबाडला दोन वडापाव हाणलेले. खरं ते सांगून टाकलं. सोमाबाबा म्हणाले, "चूळ भर."

रात्रभर बाकीची सोंगं नाचली, मी पेटीवर बसून होतो. उजाडल्यावर माझी पाळी. डोक्याला फडकं बांधलं, वर मुखवटा, मागनं दोरी. आणि मग कळलं की त्या एवढ्या मोठ्या डोळ्यांतनं काय दिसतच नाय! बघायचं ते तोंडातनं, जिभेच्या वरनं. मला फक्त लोकांचे पाय दिसत होते. किसन मागनं कमरेला धरून मला वळवत होता. संबळ वाजायला लागली. मी नाचलो म्हणणं बरोबर नाय. रुतलेली गाडी चिखलातनं काढताना हलते, तसा हललो. लोकांनी कौतुकानं हाळ्या दिल्या. मला वाटलं जमतंय. नंतर कळलं, ते हसत होते.

मग देवी आली. सुताराचा पांडू देवी झालता, उंचापुरा, हातात लाकडी तलवार. तीन फेऱ्या झाल्या, पांडूनं माझ्या खांद्यावर तलवार मारली.

किसन मागनं कुजबुजला, "पड आता."

"कुठं?"

"खाली. मेलास तू."

मी खाली बघितलं. माती. दगड. शेणाचा सडा. आणि माझ्या डोक्यात मॅडमचा आवाज, गणू, जमिनीला टेकवायची नाय.

"पडता नाय यायचं," मी आतनं म्हटलं.

"का?"

"वस्तू जमिनीला लागंल."

"अरे, मग मरणार कसा?"

"ते मॅडमना विचारा!"

पांडूनं परत मारली. मी परत उभा. संबळवाल्यांनी ताल वाढवला, मी नाचत राहिलो, करणार काय? पांडूचा हात भरून आला. पंच ओरडले, "पड रे!" मी मान हलवली, तर शिंगं हलली, लोकांना वाटलं म्हैसासूर चिडला. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया कंटाळल्या. एक म्हणाली, "मर की रे मेल्या, पोरं उपाशी हायत!" दुसरी म्हणाली, "नाय मरायचा गो तो, सरकारी हाय."

तेवढ्यात जीपचा आवाज आला. मॅडम, पुण्याचे सर आणि मुंबईच्या बाई, तिघं बोहाडा बघायला आलते. मला फक्त त्यांच्या चपला दिसल्या, पण मॅडमच्या चपला मी ओळखायचो. तोंडातनं बोंबललो, "मॅडम, पडू का?"

सगळं गाव हसलं. देवीपण हसली. फक्त सोमाबाबा हसले नायत. कारण त्यांना पंचांचं बोलणं ऐकू येत होतं. पंच म्हणत होते, म्हैसासूर मेलाच नाय तर बोहाडा पुरा झाला नाय, आणि पुरा झाला नाय तर मान कसला? म्हणजे माझ्या त्या एका अटीपायी म्हाताऱ्याचा मान आता हितंच, त्याच्या डोळ्यांदेखत चाललता.

मॅडम पुढं आल्या. "गणू, जमिनीला टेकवू नकोस हं!" मग सरांकडं वळून हळू म्हणाल्या, "काय करायचं हो?" सर म्हणाले, "असुर मरायला तर पाहिजे." बाई म्हणाल्या, "मरू दे, पण गादीवर." गादी आणायला कोण तरी पळालं पण. पंच म्हणाले, गादीवर म्हैसासूर मरतो होय? झोपतो.

तेव्हा सोमाबाबा रिंगणात आले. सावकाश. गुडघे गेलेले होते त्यांचे. मातीत मांडी घालून बसले, धोतर नीट केलं आणि मांडीवर थाप मारली.

"हितं पड."

पंच म्हणाले, "सोमा, जमिनीला टेकल्याशिवाय..."

"मी टेकलोय जमिनीला. माझं घर टेकलंय. आणखी काय पायजे?"

संबळ थांबली. मॅडमकडं बघून सोमाबाबांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, हात लावू का असं विचारल्यासारखे. मॅडम काय म्हणाल्या ते मला दिसलं नाय, तोंड दिसत नव्हतं ना. पण त्यांच्या चपला एक पाऊल मागं सरकल्या.

मी गुडघ्यावर आलो आणि पडलो. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी मुखवटा खालनं घेतला, पोटाशी धरला, अलगद मांडीवर उतरवला. मी आतच होतो, माझी मान मुरगळली, पण मुखवट्याला ओरखडा नाय. देवीनं पाय दिला तो माझ्या कमरेवर. पांडू सुतार काय हलका नव्हता. ते पाऊल अजून कमरेत हाय, थंडीत बोलतं.

आणि मग मी तिथं पडलेला असताना सोमाबाबा वरनं हात फिरवायला लागले. शिंगांवरनं, कपाळावरनं. हळूच म्हणाले, "दमलास रे."

मला भरून आलं. मी आतनं म्हटलं, "नाय बाबा, बरा हाय मी."

"तुला नाय बोललो," ते म्हणाले.

मान राहिला. गाव जेवलं. मला पण वाढलं, भाचा म्हणून जास्त वाढलं.

मुखवटा परत आणला तर कपाळावर गुलाल, आणि जिभेवर कुणी तरी गुळाचं बोट लावलेलं. नियमानं ते साफ करायला पायजे. गुळाला मुंग्या येतील म्हणून तो पुसला. गुलालावर तिघांचा वाद झाला. पुण्याचे सर म्हणाले, ठेवा. मुंबईच्या बाई म्हणाल्या, रंग खराब होईल. मॅडम मला म्हणाल्या, "गणू, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला विचारू नका, मी समई घासलेला माणूस." गुलाल राहिला. कपाटावरची पाटी पण बदलली. भेट काढून तिथं लिहिलं, सोमाबाबांच्या घरचा मुखवटा, सांभाळायला आमच्याकडं. तेवढ्यासाठी मॅडमनी ट्रस्टच्या लोकांशी किती भांडणं केली ते मला माहीत हाय, कारण चहा मीच देत होतो. पुढच्या सालापासनं बोहाड्यापुरता किसन आमच्या संग्रहालयाचा रोजंदारीवरचा माणूस झाला, म्हणजे त्यानं नाचवला तरी अट मोडत नव्हती. ही युक्ती मुंबईच्या बाईंची.

सोमाबाबा पुढं दोन-तीन उन्हाळे मांडी घालून बसले. मला भेटले की विचारायचे, "भाच्या, मरायला शिकलास का?" मग ते गेले. त्या साली मी मुखवटा घेऊन गेलो तर किसन म्हणाला, "मी नाचणार, मग मांडी कोण देणार?" मी इकडंतिकडं बघितलं. घरच्या बाया माझ्याकडं बघत होत्या. घरचा आणखी कोण होता?

आता मी रिटायर हाय. संग्रहालयात दुसरा शिपाई हाय, शिकलेला हाय, मुखवटा तो घेऊन येतो. मी सापगावनं आपला एसटीनं जातो, सकाळी मातीत मांडी घालून बसतो. मधी एकदा क्युरेटर लोकांची बैठक आमच्याकडं होती, तेव्हा एक नवी पोरगी बोहाडा बघायला आली, अभ्यास करणारी. म्हैसासूर माझ्या मांडीवर पडला, किसन आत घामाघूम. ती पोरगी वाकून गावातल्या म्हातारीला विचारत होती, "आजी, असुराला मांडीवर घ्यायची ही पद्धत किती जुनी?"

म्हातारी म्हणाली, "लय जुनी गो. आमच्या बापजाद्यांपास्नं."

पोरगीनं ते लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळली, "बाबा, याचा अर्थ काय?"

मी दोन्ही हातांनी मुखवटा खालनं धरलेला, पोटाशी. गुलाल डोळ्यात गेलता. सांगावं असं वाटलं, समईपासनं सगळं. पण म्हैसासूर नुकताच मेला होता, आणि माझ्या मांडीला मुंग्या आल्या होत्या.

"दमलाय तो," मी म्हटलं. "जरा हळू बोल."